निष्ठेचा हंगाम : निक हॉर्नबी यांचे ‘फीवर पिच’

फुटबॉलवरच्या पुस्तकाचे परीक्षण या पानांत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या घरातलेच आहे. २० मे २०२३ रोजी, शनिवारी रात्री, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे आर्सेनल हा लंडनचा संघ एका गोलने हरला आणि हंगामाचे २४८ दिवस अग्रस्थानी राहूनही त्याचे विजेतेपद हातचे गेले. दुसऱ्या दिवशी स्वर्गारोहणाचा रविवार होता. आमचा धाकटा मुलगा सकाळच्या मिस्साला आला खरा. पण मयतीला आल्यासारखा उभा होता. घरी परतताना मी त्याला म्हटले, ‘‘अरे, जी माणसे तू कधी समोर पाहिली नाहीस ती साता समुद्रांपलीकडे हरली, त्यात तुझे काय गेले?’’ त्याने उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवले. ते निक हॉर्नबी यांचे ‘फीवर पिच’ होते. मुलाचे उत्तर म्हणून मी ते वाचायला घेतले, आणि वाचून झाल्यावर त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला त्याच वर्षी क्रीडाविषयक ग्रंथांसाठी दिला जाणारा विल्यम हिल पुरस्कार मिळाला. तरीही याला क्रीडाग्रंथ म्हणावे की आत्मचरित्र, हा प्रश्न उरतोच. १९६८ ते १९९२ या काळातील लेखकाचे जीवन यात आले आहे. परंतु प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर एका सामन्याचे नाव आणि तारीख आहे. शाळा, महाविद्यालय, नोकरी, प्रेमभंग, मनाचे खचणे हे सारे त्या सामन्यांच्या आधाराने सांगितले जाते. आपल्याकडची जुनी माणसे ‘चर्चचा सण झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुझा जन्म’ असे सांगत काळ मोजतात. हॉर्नबी यांची दिनदर्शिका अशीच आहे. फक्त तिच्यातील वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपते.

पुस्तकाचा आरंभ एका मोडलेल्या घरापासून होतो. आईवडील विभक्त झालेले आहेत, आणि शनिवार-रविवारी भेटणाऱ्या वडिलांना मुलाशी काय बोलावे ते सुचत नाही. अखेर १४ सप्टेंबर १९६८ रोजी ते अकरा वर्षांच्या निकला आर्सेनलच्या हायबरी मैदानावर घेऊन जातात. सामना स्टोक सिटीशी. पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, चेंडू परत आला आणि टेरी नील याने तो जाळ्यात मारला. त्या एका गोलावर आर्सेनल जिंकले. खेळ सामान्यच होता. मुलाच्या लक्षात राहिली ती भोवतालची प्रौढ माणसे. ती पैसे देऊन आली होती, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यांवर आनंदाचा मागमूस नव्हता. ती चिडत होती, कुरकुरत होती, आपल्याच खेळाडूंना शिव्या घालीत होती. असे असूनही पुढच्या सामन्याला ती पुन्हा येणार होती! दुःख भोगण्यासाठी माणसे नेमाने एकत्र येतात, हा त्या मुलाला लागलेला शोध होता. घरातले दुःख मनात बाळगणाऱ्या मुलाला ही जागा आपली वाटली, यात नवल नाही. शिवाय तिथे वडील शेजारी असत, आणि दोघांनाही बोलण्यासाठी विषय मिळाला होता. बापलेकांच्या नात्यावरची ही पाने या पुस्तकातील सर्वांत हृद्य पाने आहेत, आणि लेखकाने त्यांत कुठेही अश्रू ढाळलेले नाहीत.

पहिला मोठा आघातही लवकरच झाला. मार्च १९६९ मध्ये वेम्बलीच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या श्रेणीतील स्विंडन टाऊन या संघाने जादा वेळेत आर्सेनलला ३-१ असे हरवले. जिंकणार हे गृहीत धरून गेलेला मुलगा पराभव घेऊन परतला आणि शाळेत चेष्टेचा विषय झाला. त्या दिवशी त्याने दुसरा संघ निवडला असता तरी त्याला कोणी अडवले नसते. त्याने तो निवडला नाही.

येथे संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. आशेच्या भावनेची त्यांनी चार लक्षणे सांगितली आहेत : जिची आशा करावयाची ती गोष्ट चांगली असावी, ती भविष्यातली असावी, कष्टसाध्य असावी आणि तरीही शक्य कोटीतली असावी. सहज मिळणाऱ्या गोष्टीची कोणी आशा करीत नाही, आणि अशक्य गोष्टीची आशा करता येत नाही. पाठीराख्याच्या मनाचे याहून नेमके वर्णन मला अन्यत्र आढळले नाही. प्रत्येक ऑगस्टमध्ये गुणतक्ता कोरा असतो आणि सर्व काही शक्य असते. आशेविरुद्ध घडणारी दोन पापे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो : एक फाजील भरवसा आणि दुसरे हताशा. हॉर्नबी यांचा प्रत्येक हंगाम या दोहोंमध्ये हेलकावे खातो. लागोपाठ तीन विजय मिळाले की चषक आपलाच. एक पराभव झाला की सारे संपले. खरी आशा या दोहोंच्या मधली अरुंद वाट आहे, आणि तिच्यावर चालणे या लेखकाला फार क्वचित जमते. ते जमत नाही हे तो स्वतःच सांगतो, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

१९८८-८९ च्या हंगामाची कथा या दृष्टीने मुळातून वाचावी. १९७१ नंतर आर्सेनलला लीगचे विजेतेपद मिळाले नव्हते. अठरा वर्षे लोटली होती. विजेतेपद आवाक्यात आलेले असताना मे महिन्यात संघ घरच्याच मैदानावर डर्बीकडून हरला आणि विम्बल्डनशी बरोबरीत राहिला. आता शेवटचा सामना लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, तोही दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. हॉर्नबी यांनी आशा सोडली होती. २६ मे १९८९ च्या रात्री ॲलन स्मिथने पहिला गोल केला, आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर मायकल थॉमसने दुसरा. दोन्ही संघांचे गुण समान, गोलांतील फरकही समान. अधिक गोल केले म्हणून आर्सेनल विजेते ठरले. हॉर्नबी हे सारे घरी दूरदर्शनवर पाहात होते. त्या क्षणाला आयुष्यातील कोणत्या आनंदाची उपमा द्यावी, याचा ते प्रामाणिकपणे शोध घेतात आणि एकही पुरी पडत नाही असे म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटते. त्या आनंदामागे अठरा वर्षांचे वाट पाहणे होते, आणि वाट न पाहिलेल्या माणसाला तो मिळाला नसता.

परंतु या आनंदाच्या सहाच आठवडे आधीची नोंद वेगळी आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगराचेंगरीत सापडले. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे ९७ झाली. शेवटच्या जखमीने २०२१ साली प्राण सोडला. दोष प्रेक्षकांवर ढकलण्याचा प्रयत्न झाला. पोलिसांचे नियंत्रण कोसळणे हे दुर्घटनेचे मुख्य कारण होते, असे चौकशी आयोगाने लवकरच म्हटले. तरी हे मृत्यू बेकायदेशीर कृत्याने घडले असा निर्णय ज्यूरीने देईपर्यंत २०१६ साल उजाडले. त्या काळात फुटबॉलचा पाठीराखा म्हणजे गुंड, असा सर्वसाधारण समज होता. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर इंग्लिश प्रेक्षकांच्या हल्ल्यातून ३९ जणांचा, त्यांतही बहुतेक इटालियनांचा, बळी गेल्याने तो समज दृढ झाला होता. हॉर्नबी यांच्या पुस्तकाने या बदनाम गर्दीतील एका माणसाला चेहरा दिला आणि मन दिले. ही त्याची मोठी कामगिरी होय. हिल्सबरोमुळेच पुढे ढकलला गेलेला तो ॲनफिल्डचा सामना सुरू होण्यापूर्वी आर्सेनलच्या खेळाडूंनी शोकाकुल प्रेक्षकांना फुले नेऊन दिली होती. पुस्तकातील त्या दोन नोंदी एकामागून एक वाचताना मात्र मन अस्वस्थ होते. एवढे मृत्यू पाहिल्यावर एका गोलाने इतका आनंद व्हावा?

हा प्रश्न मला पुस्तकाच्या मर्मापर्यंत घेऊन गेला. फुटबॉल हा धर्मच आहे, असे लोक सहज बोलून जातात. इतिहासात या दोहोंचे संबंध खरोखरच जवळचे आहेत. १९१३ साली आर्सेनलने हायबरीची जागा भाड्याने घेतली ती एका अँग्लिकन धर्मविद्यालयाकडून, आणि गुड फ्रायडे व नाताळ या दिवशी तेथे सामने होणार नाहीत अशी अट करारात होती. त्याहून अर्थपूर्ण उदाहरण ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे. १८८७ साली मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात त्याची स्थापना झाली. शहराच्या पूर्व भागातील, विशेषतः आयरिश निर्वासितांच्या वस्तीतील, गरीब मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून सामन्यांच्या उत्पन्नाची योजना होती. तेथे आशेला प्रीतीची जोड होती. ‘फीवर पिच’मध्ये उणीव आहे ती याच जोडीची.

एक प्रसंग पाहा. महाविद्यालयीन काळात हॉर्नबी केंब्रिज युनायटेडचेही सामने पाहात. अशाच एका निर्णायक सामन्याच्या वेळी त्यांच्याबरोबर आलेली मैत्रीण गर्दीत भोवळ येऊन पडते. तिची मैत्रीण तिला सावरते; हॉर्नबी सामना पाहात राहतात. हे त्यांनी लपविलेले नाही. उलट आपण त्या वेळी काहीच केले नाही, हे ते स्पष्टपणे नोंदवतात आणि स्वतःलाच हसतात. पापनिवेदनाच्या दृष्टीने पाहिले तर येथे आत्मपरीक्षण आहे, कबुलीही आहे. पण पुन्हा असे करणार नाही असा निश्चय नाही. विनोदाने ती जागा भरून काढली आहे. पुस्तकभर हे घडत राहते. वाचक हसतो, लेखकाला क्षमा करतो आणि पुढच्या सामन्याकडे वळतो. भोवळ येऊन पडलेली मुलगी मागेच राहते. या पुस्तकावर माझा मुख्य आक्षेप तो हाच.

तरीही एक नोंद अशी आहे की जिच्यामुळे हा आक्षेप सौम्य करावासा वाटतो. गस सीझर हा आर्सेनलचा तरुण बचावपटू. १९८८ च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनल पुढे असताना तो चेंडूवर अडखळला, ल्यूटनने बरोबरी साधली आणि पुढे सामनाही जिंकला. त्यानंतर तो चेष्टेचा धनी झाला. हॉर्नबी त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडतात. शाळेत हा मुलगा सर्वांत उत्तम खेळाडू असणार. प्रत्येक पायरीवर शेकडो मुले गळाली तेव्हा हा टिकला. देशातल्या नामांकित संघात आला. आणि तिथे आल्यावर कळले की आपण तेवढे चांगले नाही. मग ते स्वतःकडे वळतात. त्या वेळी लेखक होऊ पाहणाऱ्या आपणालाही अशीच हाक ऐकू आली होती. ती खोटी ठरली तर? येथे पाठीराख्याची दृष्टी गुणतक्त्यावरून उठते आणि हरलेल्या माणसावर स्थिरावते. लेखक येथे शिवी देणाऱ्या गर्दीतून बाहेर पडून एका अपयशी भावाशेजारी उभा राहिला आहे. सबंध पुस्तकात मला सर्वश्रेष्ठ वाटलेली पाने हीच.

पुस्तक निघाले त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली, आणि उभ्याने सामना पाहण्याच्या जुन्या पायऱ्या पाडून सर्वत्र खुर्च्या आल्या. २००६ साली आर्सेनलने हायबरीही सोडले. हॉर्नबी यांनी वर्णिलेले जग अशा रीतीने नाहीसे झाले. त्यातले मन मात्र तसेच आहे. २००४ साली एकही सामना न हरता विजेतेपद मिळविणाऱ्या या क्लबला २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्या तिन्ही वर्षी आमच्या घरातला ऑगस्ट सारखाच उजाडला, आणि मे महिनाही सारखाच मावळला.

२०२५ हे ज्युबिली वर्ष ख्रिस्तसभेने आशेला वाहिले होते. त्या वर्षी आपण आशेवर पुष्कळ प्रवचने ऐकली. प्रभूवरील आशा आणि चषकाची आशा यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एक आपणांस तारते, दुसरी मे महिन्यात संपते. पण वाट पाहणे, पराभवानंतर पुन्हा येऊन उभे राहणे, आपल्या माणसांना न सोडणे, हे धडे एखाद्या मुलाने प्रथम मैदानावर गिरवले तर त्यात वावगे काय? ते धडे चर्चमध्ये आणि घरात कसे उपयोगी आणावयाचे, हे शिकविण्याची जबाबदारी आपली वडीलधाऱ्यांची आहे. ‘फीवर पिच’ ते शिकवीत नाही. मात्र वडील शेजारी बसले तर मुलाला काय मिळते, हे ते फार चांगले दाखविते. पालकांनी ते अवश्य वाचावे.

‘त्यात तुझे काय गेले?’ हा प्रश्न मी आता विचारीत नाही. शनिवारी रात्री जमेल तेवढा वेळ मुलाशेजारी बसतो. खेळातले मला फारसे कळत नाही. तो समजावून सांगतो. रविवारच्या मिस्साला मात्र दोघांनीही वेळेवर उठायचे, एवढी अट मी घातली आहे.