उलटा चालणारा समुद्र

'बिकम ओशन' ऐकलं नसेल तर हेडफोन लावून एकदा सलग ऐका. साधारण 42 मिनिटं लागतात. जॉन लूथर ॲडम्स या अमेरिकी संगीतकाराची ही रचना सिएटल सिम्फनीने 2013 मध्ये पहिल्यांदा वाजवली. 2014 चं पुलित्झर तिला मिळालं.

स्ट्राउसने 'आल्पाइन सिम्फनी'तल्या वादळासाठी वाऱ्याचा आवाज काढणारं यंत्रच वाद्यवृंदात बसवलं होतं. ॲडम्स नक्कल करत नाही. तो वाद्यवृंदाचे तीन गट पाडतो आणि प्रत्येक गट आपापल्या आवर्तकाळाने चढतो-उतरतो. तिघांचे माथे फक्त तीनदा एकत्र येतात. म्हणजे आपलं बारावीतलं सुपरपोझिशनच की!

खटकतं ते पुढे. मध्यावरून संगीत उलट्या क्रमाने परत फिरतं. आदर्श लाटेचं समीकरण काळ उलटा केला तरी चालतं, मान्य. पण किनाऱ्यावर फुटलेली लाट पुन्हा जुळत नाही, तिची ऊर्जा फेसात आणि उष्णतेत गेलेली असते. मीही सोय म्हणून माझ्या सिम्युलेशनमधून डॅम्पिंग वगळलं होतं, त्यामुळे कदाचित हे मला जरा जास्तच टोचलं. उत्तरार्धात समुद्र मागे पडतो, सममिती तेवढी ऐकू येते. तिसरा माथा येणार हे आधीच कळतं.

मधला मात्र दर वेळी अंगावर येतो.