दिसले नाही, म्हणजे नसते का?

भूल देण्याच्या दोन औषधांची किंवा पद्धतींची तुलना हा वैद्यकीय संशोधनातला नेहमीचा विषय. पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतही भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहितात. अशा संशोधनातून कोणता निष्कर्ष काढू नये, याचा धडा मात्र हैदराबादेत मिळतो. आजचा मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत 1888 व 1889 साली दोन ‘क्लोरोफॉर्म आयोग’ नेमले गेले. त्यांच्या कामाची आपण थोडी चिकित्सा करू.

एडिंबरोच्या सिम्प्सनने 1847 साली क्लोरोफॉर्म वापरात आणला. 1848 च्या जानेवारीतच इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी दगावली. अशा मृत्यूत आधी काय थांबते, श्वास की हृदय? लंडनचे डॉक्टर हृदयाकडे बोट दाखवत, एडिंबरोचे श्वासाकडे. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइमचे शिष्य. त्यांच्या पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून श्वासाच्या बाजूने कौल दिला. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामाने 1000 पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि शंका घेऊन आलेले ब्रंटनही लॉरींच्या मताचे झाले. सांगावा असा: श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको.

आयोगाचे श्रेय आपण नाकारू नये. त्यांनी विरोधी मताच्या तज्ज्ञाला बोलावले, रक्तदाब यंत्राने नोंदवला. श्वासावर लक्ष ठेवण्याचा सल्लाही योग्यच होता. आपला आक्षेप आहे तो ‘नाडीची चिंता नको’ या शब्दांना.

हृदय आधी थांबल्याचे एकही उदाहरण आयोगाला दिसले नाही. पण ही घटनाच विरळ असेल तर? समजा, ती तीन हजारांत एकदा घडते. मग पाचशे प्रयोगांत ती न दिसण्याचीच शक्यता जास्त. शिवाय कुत्र्यात जे घडले नाही, ते माणसातही घडणार नाही, हे गृहीत कशावरून धरायचे? पुढे 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अॅड्रिनॅलिन टोचले, तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि रक्ताभिसरण थांबते, असे त्यांना आढळले. घाबरलेल्या रुग्णाच्या शरीरात अॅड्रिनॅलिन आपोआपच वाढते. म्हणजे दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे होते.

हा दोष जुना झाला, असे समजू नये. शंभर वर्षांत तुलनेची रीत सुधारली. कोणाला कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. नोंद करणाऱ्याला ते सांगितले जात नाही. 2009 पासून भारतात चाचणीची आगाऊ नोंदणीही सक्तीची आहे. तरी तीस-तीस रुग्णांचे दोन गट करून ‘गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, म्हणून औषध सुरक्षित’ असे कोणी लिहिले, तर चूक लॉरींचीच आहे. साधा नियम असा: जितक्या रुग्णांत घटना दिसली नाही, त्या संख्येने तीनला भागा. तीस रुग्णांत काही घडले नाही, तरी धोका दहांत एक इतकाही असू शकतो. भूल लवकर उतरते का, वेदना किती वेळ थांबतात, हे तीस रुग्णांत कळू शकते. विरळ मृत्यू कळत नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ज्वारीचे 3000 दाणे मोजून घ्या, त्यांतला एक रंगवा, नीट मिसळा आणि न पाहता 500 दाणे काढा. सहांपैकी सरासरी पाच वेळा रंगीत दाणा हाती लागणार नाही. मग मुलांना विचारा: दाणा डब्यात नाही, असे तुम्ही सांगाल का? आणि त्या भरवशावर कोणाची नाडी सोडाल का?