उपोषण आणि सँडविच: ‘ब्लाँडी’ या हास्यचित्रमालेची आरंभीची वर्षे

सुखात्मिकेत विवाह हा बहुधा शेवट असतो. वडीलधाऱ्यांचा विरोध मावळला, विघ्ने दूर झाली, की पडदा पडतो. पुढे त्या दोघांनी संसार कसा केला हे विचारण्याची रीत नाही. चिक यंग या अमेरिकन चित्रकाराची ‘ब्लाँडी’ ही हास्यचित्रमाला या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. 8 सप्टेंबर 1930 रोजी ती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागली आणि पहिली सुमारे अडीच वर्षे सुखात्मिकेच्याच वाटेने चालली. तिचे स्वतःचे असे जे आहे, ते विवाहानंतर आरंभ पावले.

या पहिल्या पर्वात नवे असे फारसे नव्हते. ब्लाँडी बूपाडूप ही 1920 नंतरच्या दशकातील ‘फ्लॅपर’ म्हणविल्या जाणाऱ्या तरुणींपैकी एक: नटवी, अल्लड, अनेक तरुणांना झुलविणारी. यंगने 1924 पासून ‘डम्ब डोरा’ या मालेत अशीच नायिका रंगविली होती. डॅगवुड बमस्टेड हा रेल्वेमार्गांच्या धनाढ्य मालकाचा मुलगा. घराण्याला न शोभणारी मुलगी त्याने आणली, एवढ्यावर विनोदाचा डोलारा उभा. परंतु 1929 च्या आर्थिक कोसळीनंतर धनिकपुत्राच्या प्रेमसंकटांना हसण्याइतके मन मोकळे असलेले वाचक कमी होत चालले. मालेचे रूप पालटण्याचे हेच कारण सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. संपत्ती का जावी लागली हे त्याने कळते. संपत्ती गेल्यावर जे उरले ते इतके दीर्घायुषी का ठरले, हे कळत नाही.

त्यासाठी 1933 च्या जानेवारीतील प्रसंगाकडे वळले पाहिजे. विवाहास संमती मिळावी म्हणून डॅगवुड अन्नत्याग करतो. हे उपोषण 28 दिवस, 7 तास, 8 मिनिटे आणि 22 सेकंद चालले, असा काटेकोर हिशेब मालेतच आहे. (उपोषण म्हणताच मराठी वाचकाला 1932 चे येरवडा आठवेल, येथे मात्र प्रकार रुसून ताट सारणाऱ्या लाडक्या मुलाचा आहे.) अखेर आईबाप नमले, पण वारसाहक्क काढून घेऊन. 17 फेब्रुवारीला विवाह झाला. त्याच्या तीनच दिवस आधी मिशिगन राज्यातील सर्व बँका राज्यपालाच्या आदेशाने बंद झाल्या होत्या. ज्या सकाळी लक्षावधी ठेवीदार आपल्या पैशाच्या काळजीत होते, त्याच सुमारास एक कल्पित तरुण आपला पैसा हसत सोडून देत होता.

येथपर्यंत हे अद्भुतरम्यच आहे. यंगचे खरे कसब पुढे दिसते. प्रेमासाठी अन्न सोडणारा हाच नायक 1936 पासून मध्यरात्री शीतकपाट उघडून हाताला लागेल ते पावाच्या थरांत रचू लागतो. ते प्रचंड सँडविच पुढे त्याच्याच नावाने ओळखले गेले. त्यागाने मिळविलेली पत्नी घरात आहे, आणि नायकाची उत्कटता आता भुकेत उतरली आहे. ही प्रेमाची अधोगती मानावी काय? मला तसे वाटत नाही. उपोषण हे एकदाच करता येते. भूक रोज लागते. रोज प्रसिद्ध होणाऱ्या मालेला दुसऱ्याच गोष्टीचा उपयोग होता. कोचावरची डुलकी, स्नानात येणारा व्यत्यय, कामावर पळताना पोस्टमनशी होणारी टक्कर, हे सारे प्रसंग याच जातीचे आहेत: त्यांना शेवट नाही, म्हणून ते शिळे होत नाहीत. क्रमशः कथानक मागे पडून प्रत्येक दिवसाचा विनोद त्या दिवसापुरता पुरा होऊ लागला, तो याच ओघात.

पिताही वेगळ्या रूपाने परतला, असे म्हणता येईल. मोठे बमस्टेड मागे पडले आणि बांधकाम कंपनीचे मालक डिदर्स आले. पित्याने एकदाच घराबाहेर काढले. मालक पुन्हा पुन्हा काढतो आणि पुन्हा कामावर घेतो. नोकरी टिकेल की नाही या भयात जगणाऱ्या वाचकाला ही लाथ परिचयाची होती आणि तिच्यानंतरचे पुनरागमन हवेसे होते.

या व्यवस्थेची किंमत मात्र नायिकेने दिली, हा आक्षेप मला नाकारता येत नाही. मालेचे नाव तिचे, हसू डॅगवुडचे. 1934 च्या एप्रिलात मुलगा जन्मला आणि पूर्वीची अल्लड ब्लाँडी त्या घरातील एकमेव प्रौढ व्यक्ती झाली. तिचे शहाणपण वाढले हे खरे. परंतु ज्याला चूक करण्याची मुभा नाही, ते पात्र विनोदाच्या केंद्रापासून दूर सरकते. फ्लॅपर ब्लाँडी मूर्ख दिसण्यास मोकळी होती, गृहिणी ब्लाँडी तशी राहिली नाही. तिला घराबाहेरचा उद्योग मिळाला तो थेट 1991 मध्ये, चिक यंगच्या मृत्यूला अठरा वर्षे लोटल्यावर. आणि त्याचा मुलगा डीन यंग याने तिच्यासाठी निवडलेला तो उद्योग समारंभांना खाद्यपदार्थ पुरविण्याचा होता.