पैस
दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचा लेखसंग्रह (१९७०). साहित्य अकादमी पुरस्कार १९७१. ललितलेखन, संस्कृतिसंशोधन व आत्मपर चिंतन यांच्या सीमा यात पुसट होतात. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी  सांगितली असे परंपरा मानते, तो प्रवरेकाठच्या नेवासे येथील दगडी खांब शीर्षकलेखाचा विषय होय. पैस म्हणजे विस्तार, मोकळा अवकाश. निश्चल दगडाच्या सान्निध्यात लेखिकेला तोच जाणवतो. ऋतुचक्रात (१९५६) निसर्गाबाबत वापरलेली ही मिश्र रीत येथे परंपरेकडे वळली आहे. पुरावा कोठे संपतो आणि प्रचीती कोठे सुरू होते, हे मात्र नेहमीच कळत नाही. संशोधनाच्या दृष्टीने ही उणीव खरी. पण ती काढून टाकल्यास खांबाची केवळ माहिती उरेल.