यात्रेकरूची पडशी

यात्रेचे साहित्य वाचताना आपण देवळाकडे पाहतो, वाटेकडे पाहतो, चालणाऱ्याच्या मनाचाही मागोवा घेतो. त्याच्या खांद्यावर काय आहे, याकडे मात्र समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक यात्रेची पहिली परीक्षा निघण्याच्या आदल्या रात्री घरातच होते. काय घ्यावे आणि काय ठेवावे हे ठरविताना माणूस आपल्या श्रद्धेविषयी बरेच काही सांगून जातो. प्रस्तुत लेखात या पडशीचाच विचार करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही काही ग्रंथ जवळ घेतले आहेत, आणि एक गाव.

ते गाव डोंगरकडा. नांदेडहून अर्धापूर मागे टाकून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात ते आहे. आसपासचा मुलूख केळी, हळद आणि कापसाचा. १९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या हिंगोली जिल्ह्यातच संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव नर्सी आहे, आणि विसोबा खेचरांच्या भेटीची कथा जेथे सांगतात ते औंढा नागनाथही आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नांदेडच्या गुरुद्वारात, ज्या गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चालते त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. पंढरीपासून पंजाबापर्यंत चाललेल्या एका माणसाच्या खुणा अशा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. पडशीचा विचार करावयास याहून योग्य जागा आम्हांला सुचली नाही.

समजा, डोंगरकड्याहून कोणी कार्तिकीला पायी पंढरपूरला निघाले. वाट तीनशे किलोमीटरांहून अधिक. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर धरले तरी पंधरवडा हवा, म्हणजे वसुबारसेच्या सुमारास घर सोडावयास हवे. आषाढीच्या वारकऱ्याला पावसाची चिंता असते. कार्तिकीच्या वारकऱ्याला दोन ऋतू एकाच दिवसात भेटतात. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे उघड्या ओसरीवर अंग काकडते. म्हणून अंगावरचा एक आणि धुण्यापुरता दुसरा असे कपड्यांचे दोनच जोड, एक पंचा, एक घोंगडी अथवा जाडसर चादर, पाण्याची बाटली, ताट-पेला, पायांना चोळावयास खोबरेल तेल, फोड आला तर सुई-दोरा, नेहमीची औषधे आणि एक विजेरी एवढ्यात भागावे. अलीकडे त्यात मोबाइल आणि त्याचा चार्जर यांची भर पडली आहे. ज्याने एकदा हा प्रवास केला त्याचे गाठोडे दुसऱ्या खेपेस निम्मे होते, असे अनुभवी वारकरी सांगतात. पहिल्या वेळी माणूस भीतीने सामान भरतो. पाऊस पडला तर, आजारी पडलो तर, कोणी जेवू घातले नाही तर, अशा प्रत्येक 'तर'साठी पडशीत एक वस्तू जाते.

शुभवर्तमानाच्या वाचकाला ही यादी अपरिचित वाटणार नाही. प्रभू येशूने बारा प्रेषितांना पाठविले तेव्हा त्यांच्या सामानाविषयीच सूचना दिल्या, आणि तीन शुभवर्तमानकारांनी त्या तीन प्रकारे नोंदविल्या. संत मार्क काठी घेऊ देतो आणि पायांत वहाणाही राहू देतो. भाकरी, झोळी, कमरेचे पैसे आणि दुसरा अंगरखा यांना तो मनाई करतो. संत मत्तय वहाणा आणि काठी यांनाही नकार देतो. संत लूकही काठी नाकारतो. पुढे बाहत्तर शिष्यांना पाठविण्याच्या प्रसंगी (काही हस्तलिखितांत हा आकडा सत्तर आहे) थैली, झोळी आणि वहाणा या तिन्ही गोष्टी मागे ठेवावयास सांगतो. काठीच्या या भेदावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते या याद्यांमागचे कारण. ते मत्तय आणि लूक दोघेही देतात: काम करणारा आपल्या अन्नाला पात्र आहे. म्हणजे झोळी रिकामी ठेवावयाची ती कोणाचे तरी दार ठोठवावे लागावे म्हणून. भरल्या झोळीचा प्रेषित गावातून जाऊ शकतो; रिकाम्या झोळीच्या प्रेषिताला गावात राहावे लागते, लोकांच्या पंक्तीला बसावे लागते आणि त्यांचे ऋण घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री, लूकच्याच बाविसाव्या अध्यायात, प्रभू ही सूचना बदलतो. पूर्वी काही कमी पडले का, असे विचारून आता थैली असेल त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी, असे तो सांगतो. हलके असणे हा कायमचा नियम नव्हता, हे यावरून दिसते. ते एका काळाचे, एका कामाचे साधन होते. रिकाम्या पडशीला स्वतंत्र पुण्य चिकटविणाऱ्या भाविकाने हा अध्याय पुन्हा वाचावा.

आता नामदेवांकडे वळू. नामदेवांच्या नावावरील 'तीर्थावळी'च्या अभंगांत ज्ञानदेवांसह केलेल्या यात्रेचे वर्णन आहे. नामदेव निघावयास राजी नसतात. पंढरी सोडून आणखी कोठे जावयाचे, हा त्यांचा प्रश्न असतो. अखेर विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवितो. या यात्रेतला मारवाडच्या वाळवंटातला प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. दोघे तहानेने व्याकूळ होतात. विहीर सापडते, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने सूक्ष्म होऊन खाली उतरतात, पाणी पितात आणि नामदेवांसाठीही आणू इच्छितात. नामदेव ते घेत नाहीत. ते विठ्ठलाचा धावा करतात, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते.

लघिमा म्हणजे हलकेपणाची सिद्धी. भार टाकण्याचा याहून पूर्ण प्रकार कोणता असेल? देहाचेच वजन उरत नाही. तरीही कथेचा कल दुसरीकडे आहे. ज्याने स्वतःला हलके केले त्याला पाणी मिळाले; जो आपल्या तहानेसह, आपल्या पूर्ण वजनासह काठावर बसून राहिला, त्याच्यासाठी पाणी वर आले आणि मागून येणाऱ्यांनाही ते मिळू शकले. येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. हे अभंग भक्तीच्या बाजूचे आहेत आणि योगाला उणे दाखविणे हा त्यांचा एक हेतू आहे. ज्ञानदेवांच्या स्वतःच्या ग्रंथातून त्यांना वेगळे उत्तर देता येईल. शिवाय आपण ख्रिस्ती वाचकांनी या विहिरीत घाईने याकोबाची विहीर पाहू नये. नामदेव नामदेवच आहेत. त्यांना आपल्या बाजूने साक्षीला उभे करणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. मात्र एक भेद ते आपल्याला नक्कीच शिकवितात. एक हलकेपणा माणसाला स्वतंत्र करतो आणि दुसरा त्याला याचक करतो. मार्क, मत्तय आणि लूक ज्याविषयी बोलतात तो दुसरा.

येथवर सर्व सुंदर आहे, आणि यात्रेविषयीचे आपले बहुतेक लेखन येथेच थांबते. परंतु नामदेवांच्या गाथेचे मोठेपण असे की ती येथे थांबत नाही. आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडची गाऱ्हाणी त्याच गाथेत आहेत. घरात दाणा नाही, मुले उपाशी, आणि कर्ता पुरुष देवाच्या दारात. राजाई तर थेट रुक्मिणीकडे तक्रार नेते: तुमच्या पतीने माझ्या पतीला संसारातून उठविले. हे अभंग खरोखर राजाईचे की परंपरेने तिच्या नावावर घातलेले, हा वाद विद्वानांनी चालवावा. परंपरेने ते जपून ठेवले, हेच आम्हांला मोलाचे वाटते. नामदेवांनी खांद्यावरून जे उतरविले ते कोणाच्या खांद्यावर गेले, याचा हिशेब गाथेने लपविला नाही.

हाच हिशेब मराठी ख्रिस्ती साहित्याच्या सर्वांत थोर गद्यग्रंथात सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. टिळक घराणे आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्या ग्रंथावर आपलाही हक्क आहे असे आम्ही मानतो. नारायण वामन टिळक हे निघून जाणारे पुरुष होते. हातातले देऊन टाकावे आणि मनात आले की चालू लागावे, असा त्यांचा स्वभाव. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर काढावी लागली. आणि १९१७ साली त्यांनी संन्यास स्वीकारला. टिळकांची पडशी सदैव हलकी होती, आणि त्या हलकेपणाचे वजन लक्ष्मीबाईंनी पेलले. ग्रंथाचा चमत्कार असा की त्या हे हसत सांगतात, नवऱ्याला लहान करीत नाहीत आणि स्वतःचे दुःखही झाकत नाहीत. राजाईचे गाऱ्हाणे येथे विनोदाच्या रूपाने आले आहे. टिळकांच्या कवितेपुढे नतमस्तक होणारा वाचक 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर थोडा अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता आवश्यक आहे.

ज्याच्यावर हा हिशेब फार लवकर येऊन आदळला तो यात्रिक म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. आपले आत्मकथन सांगताना त्यांनी स्वतःला 'यात्रिक' एवढेच नाव दिले. मार्च १५२२ मध्ये मोंतसेरात येथे त्यांनी आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला देऊन टाकली, गोणपाटाचा अंगरखा घातला आणि हाती काठी घेतली. दुसऱ्याच दिवशी एक मनुष्य त्यांना वाटेत गाठून विचारू लागला, की ही वस्त्रे तुम्ही खरोखर त्या भिकाऱ्याला दिलीत काय? त्या गरिबावर चोरीचा संशय येऊन त्याला त्रास झाला होता. इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी आले. टाकलेले ओझे एका निरपराध माणसाच्या अंगावर पडले होते. पुढच्या वर्षी बार्सेलोनाहून समुद्रप्रवासास निघताना ते अधिक शहाणे झालेले दिसतात. जहाजाच्या कप्तानाने फुकट न्यावयाचे कबूल केले, पण खाण्याची बिस्किटे सोबत आणण्याची अट घातली. शिदोरी घेतली तर देवावरचा विश्वास उणा पडेल काय, या विवंचनेत ते सापडले. अखेर त्यांनी आपला निर्णय बाजूला ठेवून पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला विचारले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बिस्किटे घेतली. उरलेली चार-दोन नाणी मात्र किनाऱ्यावरच्या बाकावर ठेवून ते जहाजावर चढले. मोंतसेरातच्या अंगरख्यापेक्षा ही बिस्किटे आम्हांला अधिक पवित्र वाटतात, कारण पडशीत काय असावे हे ठरविण्याचा अधिकारही त्यांनी येथे खाली ठेवला.

एक ओझे असे आहे की ते कोणत्याच यादीत येत नाही. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती' या संग्रहात १९४९ साली आला. पंढरीच्या वाटेवर बाई दिंडीबरोबर चालल्या. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असे त्यांना तेथे उमगले. आणि त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात, हे पाहून त्या कष्टी झाल्या. घोंगडी घरी ठेवून आलेले लोक जात बरोबर घेऊन चालले होते. आमच्या मते यात्रेविषयी मराठीत लिहिले गेलेले हे सर्वांत प्रामाणिक लेखन आहे, कारण लेखिका त्या वाटेवर प्रेम करते आणि तिच्याशी खोटे बोलत नाही.

हे वाचून आपण निश्चिंत राहू नये. दर सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेसाठी मराठवाड्यातून आणि नगर भागातून भाविक जातात, त्यांत पायी जाणारेही असतात. त्यांच्या पिशवीत जपमाळ आणि मेणबत्त्या असतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे बुडून जावयास हवे होते ते जातीचे गाठोडे आपल्या समाजात सोयरिकीच्या वेळी, कबरस्तानात, कधी चर्चच्या बाकांवरही पुन्हा उघडले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या नियतकालिकांतली यात्रावर्णने त्याविषयी मौन पाळतात. फोड आलेल्या पायांचे वर्णन भरपूर असते. सोबत कोण चालले, कोणाच्या घरी पाणी प्यालो आणि कोणाच्या घरचे टाळले, हे नसते. इरावतीबाईंचा धडा आपण अजून गिरविलेला नाही.

पुन्हा डोंगरकड्याला येऊ. वसुबारसेची रात्र आहे. कापसाची वेचणी सुरू आहे, रब्बीची पेरणी तोंडावर आहे, उद्या-परवा दिवाळी. घरातला एक माणूस पडशी भरतो आहे: दोन जोड, पंचा, घोंगडी. तो पंधरा दिवस चालेल, गावोगावचे लोक त्याला जेवू घालतील, त्याच्या पाया पडतील. घरात आणखी कोणी आहे. वेचणी तिला करावयाची आहे, गुरांना वैरण तिलाच घालावयाची आहे, मुलांची दिवाळीही तिच्याच अंगावर आहे. तिच्या खांद्यावर जे येणार ते मोजणारा तराजू अजून निघालेला नाही. तिने विचारले तर नामदेवांच्या गाथेचा दाखला दोघांनाही देता येईल.

आमची सूचना साधी आहे. पुढल्या यात्रेला निघणाऱ्याने पडशी बांधण्यापूर्वी घरात विचारावे, की मी नसताना माझे कोणते काम कोण करणार? त्यातले जे आधी उरकता येईल ते उरकून निघावे. जे उरकता येत नसेल त्यासाठी एखाद्या वर्षी यात्राही पुढे ढकलावी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला जाऊ द्यावे. आणि परतल्यावर यात्रेचे वर्णन लिहावयास बसलाच, तर पहिला परिच्छेद त्या मागे राहिलेल्या माणसाविषयी लिहावा. तसा लेख आमच्या वाचनात अद्याप आलेला नाही. तो आला तर या पृष्ठांवर त्याचे स्वागतच होईल.