नाळ्याचा ‘ळ’

नालासोपारा या स्थानकाचे नाव नाळे आणि सोपारा या दोन गावांच्या जोडीतून आले. नाळे अजून जागेवर आहे; गावकरी त्याला नाळेच म्हणतात. पाटीवर मात्र ‘नाला’ आहे, आणि नव्याने राहायला आलेल्याला त्यात सांडपाणी दिसले तर दोष त्याचा नाही. रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर. नाव नकाशावरून देवनागरीत परतताना ळ गळून पडायला एवढे पुरते.

वसईच्या स्थलनामांवरचे आपले लेखन या गळतीकडे क्वचितच पाहते. गर्सन द कुन्हा यांचे चौल-वसईवरचे पुस्तक (१८७६), ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर (१८८२), राजवाड्यांनी संपादित केलेली ‘महिकावतीची बखर’ (१९२४) यांचे ऋण मोठे आहे. मात्र या परंपरेतून आपण उचलली ती व्युत्पत्तीची हौस. सोपाऱ्याचे मूळ शूर्पारक, टॉलेमीकडे ते सौपारा, वसईचे पोर्तुगीज रूप बसाईं, हे सारे आपल्याला पाठ असते. नाव कोणी सांगितले आणि सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीत ते कसे उच्चारतात, हे विचारायचे राहून जाते.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या नकाशांसाठी सरकारी मोजणीदारांनी नामवह्या ठेवल्या. प्रत्येक नावासमोर त्याची लेखनरूपे, ती सांगणारी माणसे आणि जागेचे वर्णन. गेलिक बोलणाऱ्या कुळापेक्षा जमीनदाराचा आणि पाद्र्याचा शब्द जड ठरे, हे खरेच. पण सांगणाऱ्याचा रकाना असल्यामुळे तो पक्षपातही आज वाचता येतो. आपल्याकडे तो रकानाच नसल्याने पक्षपात शोधायचा तरी कुठे?

स्थानिक नाव ऐकून घेतले तर काय हाती लागते, हे सोपाऱ्यातच दिसते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये जिथे स्तूप उकरून काढला, त्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. खाली स्तूप आहे हे गाव विसरले होते, तरी ती जागा कोण्या राजाची, एवढे नावाने धरून ठेवले होते. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणतो तो बुरूड! हा धागा मलाही खुणावतो. ‘बुद्ध’चे ‘बुरूड’ झाले असेही कोणी सुचवील. दोन्हींना माझ्याजवळ पुरावा नाही. म्हणून अर्थाच्या रकान्यात मी यांतले काहीच लिहिणार नाही. लोकांनी दिलेले नाव मात्र जसेच्या तसे उतरवीन.

हे काम आता घाईचे झाले आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावांची ओळख प्रभागांत विरघळू लागली. गावांची नावे निदान सातबाऱ्यावर राहतील. त्याखालच्या नावांचे काय? बागायतीला पाणी पुरवणारी बावखले एकेक करून बुजली. ज्या बावखलाला घरातल्यांनीच नाव दिले होते, ते कोणत्याही कागदावर नाही. भराव पडला की बोट दाखवायला जागाही उरत नाही, आणि वर उभ्या राहिलेल्या इमारतीला बिल्डरने आपल्या पसंतीचे नाव दिलेले असते. निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज या पट्ट्यात ही नावे घेणारी पिढी आज सत्तरीपुढे आहे. तिच्याकडे जाताना शब्दकोश घरी ठेवावा आणि ध्वनिमुद्रक न्यावा. नाव तिच्या तोंडून घ्यावे, सांगणारीचे नावही तिच्या संमतीने लिहावे. अर्थ ठाऊक नसेल तर तो रकाना कोरा सोडावा.