हरवलेली वाग्दत्ता

घरांतलें माणूस नाहींसें होणें यासारखी जिवाला घोर लावणारी गोष्ट दुसरी नाहीं. अशा प्रसंगावर हंसरी कथा रचणें हें म्हणूनच वाटतें तितकें सोपें काम नव्हे. भय अगदींच खोटें असलें तर वाचक रमत नाहीं. तें खरें ठरलें तर हंसूं मावळतें. या पेंचांतून वाट काढणारी ॲगाथा ख्रिस्ती यांची 'द केस ऑफ द मिसिंग लेडी' ही लहानशी कथा आम्हीं नुकतीच पुन्हां वाचली. पूर्वी केवळ करमणूक म्हणून बाजूस ठेवलेल्या या कथेविषयीं कांहीं लिहावें असें या खेपेस वाटलें.

ही कथा १९२४ सालीं लंडनच्या 'द स्केच' साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली व १९२९ सालीं 'पार्टनर्स इन क्राइम' या संग्रहांत आली. टॉमी व टपेन्स बेरेसफर्ड हें दांपत्य खासगी गुप्तहेरांची कचेरी चालवितें आणि प्रत्येक प्रकरणीं कोणा ना कोणा प्रसिद्ध गुप्तहेराचें सोंग आणतें, अशी या संग्रहाची मौज आहे. येथें टॉमी शेरलॉक होम्स झाला आहे. व्हायोलिन हातीं आहे. तें वाजविण्याचें कसब मात्र नाहीं!

अशा या होम्सकडे गेब्रिएल स्टॅव्हान्सन हा ध्रुवप्रदेशाचा प्रवासी येतो. दोन वर्षांच्या सफरीवरून तो ठरल्या दिवसापेक्षां पंधरा दिवस आधींच परतला आहे, आणि त्याची वाग्दत्ता हर्मायनी बेपत्ता आहे. तिची नातलग लेडी सूझन उडवाउडवीचीं उत्तरें देते. तारा येतात, पण त्यांच्या आधारें शोध करावा तर बाई तेथें नाहीं. शेवटीं माग एका खासगी शुश्रूषागृहापर्यंत पोंचतो. रात्रीं बागेंत शिरून खिडकींतून पाहावें, तों आंत एक स्त्री पलंगावर तळमळत आहे!

शेवट सांगितल्यावांचून गुणदोषांची चर्चा होणें नाहीं. ज्यांस कथा स्वतः वाचावयाची असेल त्यांनीं येथेंच थांबावें. हर्मायनीला कोणी पळविलेलें नाहीं. दोन वर्षांत तिचें अंग सुटलें, लठ्ठ बायकांचा तर या वीराला तिटकारा. म्हणून त्याच्या आगमनापूर्वी बारीक होण्याचे उपचार ती गुपचूप घेत होती. तो लौकर आला, एवढाच काय तो अपराध.

या रचनेचें कौशल्य असें कीं, लेखिकेनें वाचकाला फसविलेलें नाहीं. आप्तांची टाळाटाळ, फसव्या तारा, बंद दार हीं सारीं चिन्हें अपहरणाचीं वाटतात. तींच लज्जेचींही आहेत. कॉनन डॉईल यांच्या १९११ च्या कथेंत लेडी फ्रान्सिस कारफॅक्स शवपेटींत गुंगविलेल्या स्थितींत सांपडते. टॉमीनें होम्सचा वेष घेतला, त्याबरोबर त्याला दृष्टीही त्याच गोष्टींतली लाभली. जेथें पथ्यपाणी चाललें होतें तेथें त्याला शवपेटी दिसली. विडंबनाचा खरा घाव येथें आहे, आणि तो नेमका बसला आहे.

तथापि आमची एक तक्रार आहे. कथेंत हंसें होतें तें गुप्तहेरांचें आणि त्या बाईचें. प्रवासी मात्र सुटतो. तो शोधीत आहे ती हर्मायनी नव्हे, दोन वर्षांपूर्वी मनांत बाळगून नेलेली तिची मूर्ति आहे. हरवलेल्या माणसाला सांपडावयाचें आहे काय, हा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं. लेखिकेनें तो प्रश्न जागा केला आणि लगेच हंसण्यावारी नेला.

पुढें तो तिच्याच आयुष्यांत उभा राहिला. पतीनें घटस्फोट मागितल्यानंतर ३ डिसेंबर १९२६ च्या रात्रीं ख्रिस्तीबाई घरांतून नाहींशा झाल्या. त्यांची मोटार सरे परगण्यांत बेवारशी सांपडली. पोलीस, स्वयंसेवक आणि वृत्तपत्रें यांनीं देश ढवळून काढला. स्वतः कॉनन डॉईल यांनीं त्यांचा एक हातमोजा परलोकविद्येच्या माध्यमाकडे नेला! १४ डिसेंबरला त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलांत सुखरूप आढळल्या. पतीचें मन जिच्यावर जडलें होतें तिचें आडनांव त्यांनीं तेथें घेतलें होतें. त्या दिवसांविषयीं १९७७ मधील त्यांच्या आत्मचरित्रांतही अवाक्षर नाहीं.

कथेंत भविष्यवाणी होती असें आम्ही म्हणत नाहीं. तसलें म्हणणें हें टीकाकाराचें काम नव्हे. परंतु १९२९ सालीं संग्रह हातीं घेणाऱ्या वाचकाला ही कथा पूर्वीसारख्या निश्चिंत मनानें वाचतां आली असेल काय? आम्हांला तरी आतां ती तशी वाचवत नाहीं. हंसूं येतें, तें खरेंच आहे. पण त्या बंद खिडकीपाशीं क्षणभर थबकावेंसें वाटतें. हलकी म्हणून लिहिलेली गोष्ट दुसऱ्या वाचनांत इतकें देते, तेव्हां तिला क्षुल्लक म्हणणें अन्यायाचें होईल.